झोपलंय ते

४ नोव्हेंबर

प्रिय पंडितीणबाईंस,

रागावू नकोस, हे नाव तुझ्या दादानंच पाडलंय. परवा जेवताना म्हणाला, "आपल्या घरातली पहिली पदवी, आणि नोकरी कसली, तर प्रयोगशाळेत लोकांना झोपलेलं बघत बसायची! तेवढंच बघायचं होतं तर मला बघायचं, घरबसल्या." मी हसले. पण त्याला झोपेत बघणं आता सोपं राहिलेलं नाही. तेच सांगायला पत्र लिहितेय. फोनवर बोलताना तो शेजारीच बसलेला असतो.

झोपेत तो मारतो गं. मला नाही, भिंतीला. बंदूक धरल्यासारखी बोटं मुडपतो आणि धाडकन ठोसा. सकाळी बोटांची सालं निघालेली असतात. विचारलं तर म्हणतो, "एक मेंढी सुटली होती." कत्तलखान्यात दिवसभर मेंढीच्या कपाळाला ती लोखंडी खिळा ठोकणारी बोल्टची बंदूक टेकवायची आणि ठक्! तेच झोपेतही चालू. मी आता स्वयंपाकघरात निजते. पोट सांभाळायला हवं ना.

माझीही तीच गत. माझं काम आतड्यांच्या टेबलावर. चेनवर उलटी टांगलेली मेंढी येते, मी पोट उभं चिरते, आतलं सगळं टेबलावर सांडतं, मग आतडी इकडे, काळीज तिकडे. स्वप्नात मी हेच करते. फक्त पोट चिरलं की आतून एक हात येतो आणि माझ्या सुरीचं पातं मुठीत धरतो. माणसाचा हात, इवलासा. मी सुरी सोडवायला ओढते आणि बोटं तुटून टेबलावर पडतात.

तू शिकलेली आहेस, म्हणून विचारते. माणसाला स्वप्नं पडतातच कशाला? आणि पोटातल्यालाही पडतात का?

मला सातवा लागलाय. मागच्या वेळचं आठव्यात गेलं, तुला माहीतच आहे. तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या, "अगं, त्यानं डोळेसुद्धा उघडले नव्हते, त्याच्यासाठी एवढं काय रडायचं!" मी डोळे पुसून कामाला लागले. पण एक गोष्ट मनातून जात नाही. जन्माला न येताच तो गेला, पण आत होता तोवर त्याला काही दिसलं असेल का? काहीतरी?

तुझी,
वहिनी


१२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

पत्र तीनदा वाचलं. दादाला सांग, पंडितीण झोपलेल्यांना नुसतं बघत नाही, त्यांच्या डोक्याला तारा लावते. त्याच्याही लावीन, आत काही सापडलं तर कळवीन.

स्वप्नं का पडतात, याचं एक पक्कं उत्तर कुणाकडेच नाही. काही म्हणतात, दिवसभराचा पसारा मेंदू झोपेत आवरतो, आणि आवरताना जे हाती लागतं ते आपल्याला दिसतं. काही म्हणतात, ती संकटाची तालीम असते. पळणं, मारणं, लपणं हे सगळं आधी झोपेत करून बघायचं. म्हणून स्वप्नांत इतकी हाणामारी असते. आणि ती खरोखर होऊ नये म्हणून झोपेत शरीराला एक कुलूप लागतं. दादाचं कुलूप सैल झालेलं दिसतंय. त्याला डॉक्टरकडे ने. हा वेडेपणा नाही, आजार आहे.

आता पोटातल्याचं. सातव्या महिन्यात बाळाचे डोळे मिटलेल्या पापण्यांआड भराभरा हलू लागतात. स्वप्न पडताना मोठ्या माणसांचे हलतात, अगदी तसेच. मेंढीच्या पोटातल्या कोकरांचेही हलतात, ते तर तारा लावून मोजलेलं आहे. म्हणजे स्वप्नाचं यंत्र सुरू झालेलं असतं.

पण वहिनी, मला झोंबलं ते निराळंच. ज्यानं जग पाहिलेलं नाही, तो स्वप्न कशाचं करील? त्याच्याकडे एकच माल असतो, आवाज. ऐकू येणं तेव्हा सुरू झालेलं असतं. आईच्या छातीची धडधड, तिचं बोलणं आणि ती जिथं उभी असते तिथले आवाज. तू दिवसभर कुठं उभी असतेस? ती चेन, त्या मेंढ्यांचं ओरडणं, ते ठक्. हे सगळं त्याच्या स्वप्नात जाणार. त्याची पहिली स्वप्नं कत्तलीची व्हावीत का?

मुकादमाला लेखी अर्ज दे. पॅकिंगला बदली माग, तिकडे शांत असतं. तो तुझा हक्क आहे. मला एवढं कळत असताना मी गप्प बसले, तर ती पदवी भिंतीवर टांगून काय उपयोग?

तुझी,
पंडितीण


२० नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

तुझं पत्र कामावरच्या संडासात बसून वाचलं, दुसरी निवांत जागाच नाही. अर्जही तिथंच लिहिला.

मुकादमानं तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. म्हणाला, "पोटातल्या साहेबांना आवाजाचा त्रास होतोय! त्यांना म्हणावं, कानात बोळे घाला." मग अर्जाला हात पुसले आणि रक्ताच्या गटारात टाकला. "पॅकिंगला नाजूक हात लागतात बाई. तुझे फाडायच्या कामाचे." चेनवरच्या पोरी हसल्या. हसल्या नसत्या तर पुढची पाळी त्यांची होती, म्हणून माझा त्यांच्यावर राग नाही.

पण तू लिहिलंस आणि माझे कान उघडले. आधी ठक् ऐकूच येत नसे, घड्याळाची टिकटिक येत नाही तसं. आता प्रत्येक ठक् पोटात जातं. मी हात आडवा धरते, जणू हातानं आवाज अडतो. मध्येच तुझ्या दादाकडे बघते. तो टेकवतो, दाबतो, मेंढी गुडघ्यांवर कोसळते, आणि मला वाटतं, अरे, बाप आहेस तू, जरा हळू.

आणि पहिला? तोही याच टेबलापाशी आठव्यापर्यंत होता की. म्हणजे त्यानं जेवढं आयुष्य काढलं, त्यात एवढंच ऐकलं. मी विचारलं होतं, त्याला काही दिसलं असेल का. आता वाटतं, काही दिसलं नसेल तर बरं.

अजून एक सांगते, कुणाला बोलू नकोस. काही मेंढ्या गाभण येतात. आणायच्या नसतात, तरी येतात. पिशवी फोडली की आत कोकरू. मुकादम ती टेबलावरून उचलून नेतो. कोवळं कातडं मऊ असतं, हातमोजे करणाऱ्याला चोरून विकतो. मागच्या आठवड्यात एक पिशवी माझ्या हातात असताना पातळ पडद्यातून त्याचं तोंड दिसलं. पापण्या मिटलेल्या, आणि खाली डोळे हलत होते, भराभरा. तू लिहिलंस तसेच. मी बघत उभी राहिले. तोवर मुकादमानं हिसकून घेतलं आणि दाराआड नेऊन सोललं.

सरळ लिही. ते स्वप्न बघत होतं का? मला बरं वाटावं म्हणून गोड लिहू नकोस.

वहिनी


२९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

गोड लिहीत नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारलं. कुणाची गोष्ट ते सांगितलं नाही.

त्या म्हणाल्या, डोळे हलतात एवढं आपल्याला माहीत आहे. आत काही दिसतं का, ते कुणालाच माहीत नाही, आणि माहीत आहे म्हणणारा थापा मारतो. पण एक गोष्ट बरीचशी पटण्याजोगी आहे. पोटातलं जागं कधी होतच नाही. उब, कमी हवा आणि आईच्या रक्तातून येणारी द्रव्यं त्याला सतत झोपेत ठेवतात. बाहेरचा गार वारा अंगाला लागून पहिला श्वास घेतला, की माणूस आयुष्यात पहिल्यांदा जागा होतो. वहिनी, तुझा पहिला मुलगा जागा झालाच नाही. म्हणजे तो घाबरला नसणार. घाबरायला जागं असावं लागतं. हे मी तुझ्यासाठी सजवलेलं नाही, त्या म्हणाल्या तसंच लिहिलंय.

पण त्या मुकादमाचं वाचून माझ्या अंगाची लाही झाली. तू अजून त्याच टेबलाशी उभी आहेस? तुमच्या चेनला लाल बटण असतं, दादानंच मला एकदा दाखवलं होतं. ते कामगारांसाठी असतं. पुन्हा तसं कोकरू आलं तर दाब ते बटण. अख्खी चेन थांबू दे. वरचे साहेब खाली उतरतील आणि त्याची चोरी उघडी पडेल. अन्याय दिसतोय आणि आपण हात चालवतोय, याचा अर्थ आपणही त्यात आहोत. मी इथून तक्रारीचा अर्ज पाठवतेच आहे.

भिऊ नकोस. खरं आपल्या बाजूला आहे.

तुझी,
पंडितीण


११ डिसेंबर

शेंडेफळास,

हवालदारानं कागद दिलाय. तू फोन उचलत नाहीस, बहुतेक तारा लावत बसली असशील, म्हणून लिहितो.

मुलगा झाला. वेळेआधी. काचेच्या पेटीत ठेवलाय. तुझी वहिनी शुद्धीवर आहे. मी कोठडीत आहे. आधी दवाखान्यात जा, माझ्याकडे नंतर ये.

मुकादमाचा उजवा गुडघा मी फोडला, बंदुकीनं. कपाळाला लावायची सवय, हात तिथंच गेला होता. त्याचे डोळे बघितले आणि हात खाली आणला. गुडघ्याचं तसं काही राहिलं नाही. डॉक्टर म्हणे चुरा वेचत होते. त्याच्या हातावरचा सुरीचा वारही मीच केला. हे नीट लक्षात ठेव. सुरी मीच मारली. कुणी विचारलं तर हेच, आणि कुणी नाही विचारलं तरी हेच.

गंमत सांगू का? इथं आल्यापासून मला स्वप्न नाही. लाकडासारखा झोपतो. बाजूचा म्हणतो, घोरतोस. भिंतीला हात लागला नाही. तुझ्या मॅडमना विचार, हा काय प्रकार आहे.

बाळाच्या जवळ मोठ्यानं बोलू नकोस. तुझा आवाज लहानपणापासूनच फाटका आहे.

दादा


६ जानेवारी

प्रिय वहिनी,

काल रात्री पोचले. इथं येऊन बसले आणि तुमच्या घरातली शांतता कानात घेऊन आल्यासारखं वाटतंय. एवढे दिवस तुझ्याजवळ होते, पण तू त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाहीस आणि माझी विचारायची छाती झाली नाही. तुला खाली पाडलं होतं एवढंच नर्सनं सांगितलं. दादा भेटीच्या खिडकीतून नुसते विनोद करतो.

मला एक लिहायचंय. तुला मी 'सगळं त्याच्या स्वप्नात जाणार' असं लिहिलं, ते मला माहीत नव्हतं. आवाज ऐकू येतो एवढं माहीत होतं. पुढचं मी रागाच्या भरात जोडलं आणि माहीत असल्यासारखं लिहिलं. बटणाचंही तसंच. मी खुर्चीत बसून लिहिलं आणि तू ओल्या फरशीवर उभी होतीस. याउपर तू माझं पत्र चुलीत घातलंस तरी मी काही म्हणणार नाही.

पेटीतून घरी आणल्यापासून बाळ रडत होतं, अजून तसंच रडतं का? त्याचं रडणं डोळ्यांसमोरून हलत नाही. निळं पडेपर्यंत, मुठी आवळून, कुणीतरी मारतंय असं. आपण काय करायचं ठेवलं? भांड्यांखाली फडकी घातली, बिजागऱ्यांना तेल पाजलं, शेजाऱ्यांच्या हातापाया पडलो. डॉक्टर म्हणतात प्रकृती उत्तम. मला मात्र सारखं वाटतं, त्याच्या कानात ते कत्तलखान्याचे आवाज अजून चालू आहेत. घर असंच शांत ठेव. लोखंडाला लोखंड लागू देऊ नकोस. हळूहळू विसरेल.

वकीलबाई मिळाल्या आहेत. चांगल्या आहेत. त्यांना खरं काय झालं ते हवंय.

तुझीच


१९ जानेवारी

प्रिय वन्सं,

पत्र चुलीत घातलं नाही. तू समोर असताना बोलले असते तर रडले असते, आणि घरात रडणारा एक होताच.

घे, खरं काय झालं ते. मोठी मेंढी होती, दिवस भरलेली. पिशवी हाताला गरम लागली. पडदा फाडला तर अंगावर लोकर, ओली, कुरळी. डोळे हलत होते. एक पाय झटकला, कुत्री झोपेत झटकतात तसा. मी बटण दाबलं. तुझ्या सांगण्यावरून नाही गं, तेव्हा तू आठवलीही नाहीस. हात गेला.

चेन थांबली. त्या जागेत इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझा श्वास ऐकू आला. मुकादम धावत आला, "कुणी थांबवली?" मी म्हटलं, "हळू बोला. झोपलंय ते." खरंच असं म्हणाले. त्याला वाटलं, थट्टा करतेय. त्यानं कोकराचे मागचे पाय धरले, उचललं, आणि गार हवा लागली असेल, कोकरानं तोंड उघडून श्वास घेतला आणि ओरडलं. जागं झालं ते, वन्सं. तू लिहिलं होतंस ना, गार वारा लागला की पहिल्यांदा जाग येते. माझ्या डोळ्यांदेखत आली. आणि मुकादमानं गरकन फिरवून त्याचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. रक्त माझ्या तोंडात गेलं. तो म्हणाला, "आता झोपलं."

सुरी माझी होती. त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत, उभी, पोट चिरते तशी. हाताला दुसरं काही येतच नाही. त्यानं दुसऱ्या हातानं मला ढकललं, मी पोटावर पडले, गटाराच्या जाळीवर, आणि त्यानं लाथ उगारली. ती बसली की नाही ते मला ठाऊक नाही. मग फक्त ठक् ऐकलं आणि तुझा दादा माझ्या अंगावर वाकलेला दिसला. म्हणत होता, "सुरी दे. सुरी माझ्याकडे दे." त्यानं माझ्या मुठीतून सुरी काढून घेतली आणि पोलीस येईपर्यंत धरून बसला.

म्हणून त्यानं तुला तसं लिहिलं. भेटीला गेले की म्हणतो, "एक आत पुरे. दोघं आत गेलो तर पोराला पंडितीण वाढवणार, आणि ते झोपेत व्याख्यान देईल." पण वकीलबाईंना मी खरं तेच सांगणार आहे. त्याची शिक्षा त्याची, माझी माझी. तू म्हणतेस ना, खरं आपल्या बाजूला असतं. असतं की नाही कोण जाणे, पण माझ्या सुरीचं पाप त्यानं डोक्यावर घेऊन बसावं, हे मला सोसवत नाही.

आता बाळाचं ऐक. सगळं पत्र खरं यासाठीच लिहायला घेतलं.

तू गेल्यावर रडणं वाढलं. घर इतकं शांत केलं होतं की त्या शांततेत ते रडणं सुरीसारखं फिरायचं. परवा दुपारी माझा तोल गेला. त्याला अंथरुणावर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. आणि स्वयंपाकघरात येऊन दार लावलं. कुणालातरी मारलं असतं त्या हातांनी, म्हणून काहीतरी कापावं म्हटलं, भाजी तर भाजी. घरातली सुरी बोथट. पोलिसांनी माझी सुरी नेली, पण धार लावायची सळई त्या दिवशी माझ्या कमरेलाच लटकत राहिली होती. दवाखान्यातून कपड्यांच्या गाठोड्यात ती घरी आली होती. ती काढली आणि विसरले सगळं, तुझी फडकी, तुझं तेल. सुरी सळईवर ओढली. सर्र. उलटी फिरवली. सर्र.

रडणं थांबलं.

माझा जीवच गेला. वाटलं, श्वास अडकला. धावत बाहेर आले तर ते डोळे उघडे ठेवून दाराकडे बघतंय. मी उचलायला सुरी खाली ठेवली, आणि झालं, पुन्हा सुरू. पुन्हा उचलली. सर्र, सर्र. गप्प. मान माझ्याकडे वळवली. मी तशीच त्याच्या उशाशी उभी, एका हातात सुरी, एका हातात सळई. कुणी दारातून डोकावलं असतं तर किंचाळत पळालं असतं. आणि बाळ हळूहळू मुठी सोडत होतं.

मग मला कळलं. टेबलाशी मी कशी उभी राहायचे आठव. पोट कडेला टेकवून. दोन मेंढ्यांच्या मधे थोडा वेळ मिळायचा, तेव्हा धार लावायची. तेवढाच माझा वेळ. चेन रिकामी, कुणी ओरडत नाही, खांदे जरा सैल. आणि आत तो. बाहेर कुणाची सुरी आहे, कशासाठी आहे, त्याला काय ठाऊक? त्याच्या दृष्टीनं आई स्वस्थ झाली की हा आवाज यायचा. आपण दोघींनी घरातून तोच हाकलला होता.

तू त्या आवाजाला भ्यालीस, मीही भ्याले. तो कशाला भिईल? त्याच्या कानात तो माझाच होता.

आणि मग पहिला आठवला. तोही याच टेबलाशी, याच कडेला. मी तुला विचारलं होतं, त्याला काही दिसलं असेल का. ते राहू दे आता. तुझ्या मॅडमना विचारू नकोस. त्यालाही हेच ऐकू येत असणार, आणि त्याच्याही मुठी अशाच सुटत असणार. एवढं मला पुरतं. त्याच्यासाठी इतकी वर्षं रडू गिळलं होतं, ते परवा धार लावता लावता रडून घेतलं. हात थांबवला नाही.

हे पत्रही तसंच लिहितेय. दोन ओळी झाल्या की पेन ठेवायचं, सुरीला दोन हात मारायचे, पुन्हा पेन. अक्षर वेडंवाकडं आलंय ते त्यामुळे. सुरीला आता अशी धार आलीय की भाजी बघूनच दुभंगेल. वकीलबाई घरी येणार असतील तर त्यांना आधी समजावून ठेव, नाहीतर त्या माझ्याच विरोधात उभ्या राहतील.

आत्ता बघितलं. पापण्या मिटल्यात. खाली डोळे हलतायत, भराभरा, इकडून तिकडे. ओठाचा एक कोपरा वर गेला. काय बघतंय देव जाणे. तू आलीस की तारा लावून बघ, पण आत्ता नको.

झोपलंय ते.

वहिनी